गाव मजकूर

सरकारी अभिलेखागार ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव उताराचा रस्ता. या रस्त्याला उतार औषधालाही नाही. मधोमध गोटी ठेवली तर संध्याकाळी तीच गोटी त्याच जागेवरून उचलून आणावी, इतका तो सपाट. नाव कुणी ठेवलं आणि कशासाठी, हे शहरात कुणालाच माहीत नव्हतं. असल्या गोष्टी माहीत असाव्यात म्हणून सरकार ज्यांना पगार देतं, ती सगळी मंडळी याच रस्त्यावर रोज साडेदहाला कामावर यायची, आणि विचारलं तर तीही खुशाल कानांवर हात ठेवायची.

इमारत तीन मजली, शिवाय खाली एक तळघर. तळघरात ओल होती. ओल नळाची आहे असं प्लंबरचं ठाम मत होतं आणि त्या मताखातर त्याने सात वेळा नळ बदलले होते. नळ नवे, ओल जुनीच. शेवटी सगळ्यांनी हात टेकले, कागदपत्रं वरच्या मजल्यांवर हलवली, आणि तळघरात दोन बादल्या नि एक मोडकी शिडी एवढाच सरकारी ऐवज उरला.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बिनचूकबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. चौतीस वर्षं त्या सूचीकार होत्या. कुठला जुना कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे याची यादी करायची, हे सूचीकाराचं काम. या गठ्ठ्यांना इथे रुमाल म्हणतात. पन्नास-शंभर कागद जाड सुती कापडात बांधायचे, वर चिठ्ठी लावायची, की झाला रुमाल. बाईंनी लावलेली चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्याच्या यादीतली चुकलेली वेलांटी त्यांना दोन टेबलांवरून दिसायची. जाता जाता "ऱ्हस्व" एवढंच म्हणून त्या पुढे जायच्या, आणि तो बिचारा दुपारपर्यंत आपली दीर्घ कुठे झाली ते शोधत बसायचा.

रुमाल बांधायचं-सोडायचं काम दप्तरींचं. दप्तरींनी मारलेली गाठ दप्तरींनाच सुटायची, आणि याचा त्यांना एवढा अभिमान होता की वाचनालयाच्या दारातल्या नोंदवहीचं पेनसुद्धा त्यांनी दोरीने टेबलाच्या उजव्या पायाला बांधून ठेवलं होतं. बाईंशी त्यांचं चौतीस वर्षांचं भांडण होतं, म्हणजे मैत्री होती.

बाईंच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. कर्मचाऱ्यांनी निरोपाचं मानपत्र लिहायला घेतलं होतं, पण ते तपासायला कुणाकडे द्यावं या पेचात ते अडकून पडलं होतं. तपासणार त्याच, आणि मानपत्रही त्यांचंच.

अशात एका सोमवारी शिंपीकाका वर आले.

शिंपीकाका म्हणजे पंचाहत्तरीचे एक निवृत्त शिंपी. गळ्यात अजून मापाची फीत, खिशात खडू. तीन महिने ते खाली वाचनालयात रोज येत होते. डावखुरे असल्यामुळे नोंदवहीत सही करताना दप्तरींची दोरी त्यांना पुरायची नाही, आणि ते आडवे होऊन सही करायचे, एवढं बाईंनी जिन्यावरून पाहिलं होतं. याहून अधिक ओळख नव्हती.

"बाई, तुमचे आभार मानायला आलोय," काका म्हणाले आणि त्यांनी टेबलावर एक भलामोठा खाकी कागद पसरला. कपडा बेततात तसला. "तुमच्या यादीमुळे माझं गाव सापडलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगायचे, आपण पाण्याकाठची माणसं, आपलं गाव कागदात आहे. पण कुठल्या कागदात? माझे वडील शोधून थकले. मी दुकान बंद केल्यावर इथे आलो, आणि पाहतो तो काय! तुमच्या यादीत एका गावाचा अख्खा रुमाल. त्रेसष्ट कागद! आणि त्यातल्या एकात तर आमचाच पूर्वज!"

"कुठलं गाव?" बाईंनी विचारलं.

"मजकूर!"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. काकांना ते कौतुक वाटलं. ते खडूने नकाशावर टिचक्या मारत सांगू लागले.

"हे बघा. मजकूर गावाला तीन नद्या आहेत. पूर्वेला समुद्र. वर डोंगर, आणि एका कागदात चार महिने बर्फ पडतं म्हणून शेतसारा माफ करा असा अर्ज आहे. एकाच वर्षी गावाला अकरा प्रमुख होते, आणि अकराही एकमेकांच्या विरुद्ध तक्रारी करत होते. केवढं गाव असेल! आणि बाई, एवढं मोठं गाव नकाशावर नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार. पूर, भूकंप, काहीतरी. मी सगळी अंतरं फितीने मोजली आणि बरोबर मध्य काढला. हा इथे. आज तिथे विटांची भट्टी आहे."

"तुम्ही... जाऊन आलात?"

"शनिवारी जाणार! एक्केचाळीस सीटची बस ठरवली आहे. आमचे सगळे जण येतायत. मुलं, पुतणे, भाचे, त्यांच्या सुना. मुख्य म्हणजे आमची अक्का. माझी थोरली बहीण, एक्क्याण्णव वर्षांची. डोळ्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात. म्हणते, डोळे पूर्ण जायच्या आत एकदा बाबांच्या गावाच्या मातीवर उभी राहते, मग काय व्हायचं ते होऊ दे. तुम्हीही चला बाई. तुमच्यामुळेच तर हे सगळं!"

तुमच्यामुळेच हे सगळं. बाईंनी मान डोलावली, "बघते" म्हणाल्या आणि काका गेल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत बसल्या.

कारण मजकूर नावाचं गाव पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं. कधीच नव्हतं. ते बाईंनी स्वतः वसवलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांच्यापुढे सुट्या कागदांची एक लोखंडी पेटी ठेवली होती. पेटी क्रमांक सात. "गावांप्रमाणे लावा," एवढं सांगून साहेब दौऱ्यावर गेले. बाई डोळ्यांत तेल घालून वाचत सुटल्या. ज्या कागदावर जे गाव दिसेल त्या गावाच्या ढिगात तो कागद. आणि काय आश्चर्य, एका गावाचा ढीग बघता बघता टेबलाबाहेर जाऊ लागला. गाव मजकूर, गाव मजकूर. आता मजकूर म्हणजे आपण म्हणतो बातमीचा मजकूर, पत्राचा मजकूर. पण जुने लेखनिक कागदाच्या डोक्यावर गावाचं नाव एकदा लिहीत आणि मग पुढे परत परत लिहायचा कंटाळा म्हणून नुसतं 'गाव मजकूर' लिहीत. म्हणजे वर सांगितलेलं गाव, तेच ते. हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातून हे कागद म्हणजे एकाखाली एक डिंकाने चिकटवलेल्या लांब पट्ट्या. डिंक वाळून पट्ट्या सुट्या झालेल्या. वरच्या तुकड्यावर गावाचं नाव असायचं, तो त्या गावाच्या रुमालात गेला. खालच्या तुकड्यावर नुसतंच 'मजकूर', तो मजकुरात गेला. त्रेसष्ट कागदांची डोकी एकीकडे आणि धडं एकीकडे, हा प्रताप बाईंचा.

सहा महिन्यांनी दुसरंच काहीतरी वाचताना त्यांना अर्थ कळला, तेव्हा त्या लाजेने लाल झाल्या. पण तोवर साहेबांनी सर्वांसमोर त्यांची पाठ थोपटली होती, यादी छापून झाली होती, आणि 'बिनचूक' हे नावही चिकटलं होतं. उद्या सांगू, म्हणता म्हणता चौतीस वर्षं गेली. तो रुमाल कधी कुणी मागितला नाही आणि बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. मूळ सूचीत त्या पानाशी आल्या की त्या दोन पानं एकदम उलटायच्या. दुसऱ्यांच्या वेलांट्या एवढ्या काटेकोरपणे धरायचं कारणही तेच होतं, आणि ते फक्त त्यांना माहीत होतं.

आणि आता एक आंधळी होत चाललेली म्हातारी त्यांच्या चुकीच्या मातीवर उभी राहायला निघाली होती. विटांच्या भट्टीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. नवरा शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब, सकाळी पेपर घडी घालून वाचणारा. पेपरची घडी चुकली की बाई ती दुरुस्त करायच्या. त्याने कप खाली ठेवला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, आणि मग तो असा हसत सुटला की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बाई कडाडल्या.

"अगं, चौतीस वर्षं मला वाटत होतं, या घरात मी एकटाच चुकतो!" त्याने डोळे पुसले. "मीठ जास्त झालं, छत्री विसरली, तारीख चुकली, सगळं माझंच. आणि तू अख्खं गाव वसवून बसली आहेस. बर्फासकट!"

"मी काय करू ते सांग."

"करायचंय काय त्यात? सांगून टाक. आजच. पंधरा दिवस लोक हसतील. त्या अक्काबाईंना भट्टीवर नेऊन उभं केलंस, तर तुला पुढे कधी हसू येणार नाही."

तो असा नेमका बोलेल अशी बाईंची अपेक्षा नव्हती. त्यांना त्याचा एकदम लोभ वाटला, आणि तो लपवायला त्यांनी पेपरची घडी नीट केली.

साडेदहाला त्या स्वतः खाली वाचनालयात गेल्या, काकांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि काही न वगळता बोलल्या. पेटी, ढीग, अर्थ, पाठ थोपटणं, सगळं.  दारात दप्तरी कान टवकारून उभे होते, त्यांनी तोंडात बोट घातलं ते तसंच राहिलं.

 काकांनी खाकी नकाशाची घडी घातली, परत उघडली, समुद्राकडे बघितलं.

"तरी मी म्हणतच होतो, बर्फ आणि समुद्र..." ते पुटपुटले. मग म्हणाले, "अक्काला काय सांगू? तिने नवीन चपला आणल्या आहेत. जुन्या चपलांनी बाबांच्या गावात जायचं नाही म्हणाली."

बाईंना रडू आवरेना. भर वाचनालयात, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी रुमालाने डोळे टिपले, आणि हा रुमाल खरोखर रुमालच होता.

"बाई, थांबा," काका अचानक म्हणाले. "मजकूर म्हणजे वर सांगितलेलं, असंच ना? मग माझ्या कागदाच्या वरचा तुकडा कुठे आहे?"

कधी कधी माणसाच्या डोक्यात प्रकाश पडायला शिंपी लागतो. बाईंनी डोळे पुसायचे थांबवले. "इथेच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पेटी सातमधला कागद. त्या पेटीतल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी निळ्या पेन्सिलीने बारीक सात लिहिला होता. दप्तरी, तोंडातलं बोट काढा आणि रुमाल काढा. पेटी सातचे कागद नऊ रुमालांत गेलेत."

"नऊच कशाला, नव्वद काढतो," दप्तरी म्हणाले. "तुम्ही चुकलात, हे ऐकायला मिळालं त्यापुढे रुमाल म्हणजे किस झाड की पत्ती!"

आधी रीतसर साहेबांना सांगणं भाग होतं. आताचे साहेब तरुण. बाईंच्याच हाताखाली वेलांट्या शिकलेले. ते ऐकून खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. "मूळ सूचीत दुरुस्ती लिहा, बाई," त्यांनी कसंबसं गंभीर होत सांगितलं.

मूळ सूची म्हणजे कपाटातली जाडजूड वही. बाईंनी या वेळी दोन पानं एकदम उलटली नाहीत. 'मजकूर' ही नोंद त्यांच्याच चोविसाव्या वर्षीच्या ठसठशीत अक्षरात होती. आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, मोठ्या साहेबांच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाईंना कळेल तेव्हा त्या स्वतः दुरुस्त करतील. तोवर कोणी हात लावू नये.' खाली तारीख. पाठ थोपटली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

बाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. म्हणजे त्यांना माहीत होतं! माहीत असून त्यांनी पाठ थोपटली होती, आणि वाट बघत एक दिवस निवृत्त होऊन गेले होते. बाईंना हसू आलं, रडू आलं, आणि मोठ्या साहेबांना आता हे सांगता येणार नाही याचं फार वाईट वाटलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. दुरुस्ती अशी अर्धवट लिहायची नाही, वरचा तुकडा मिळाल्यावरच लिहायची, असं त्यांनी ठरवलं.

काकांचा कागद त्यांनी आता पहिल्यांदा नीट वाचला. 'सबब डावखोरा नावाडी व त्याची लेकरे गाव मजकुरी सुखे राहतील, पाणी चढे तेव्हा रात्र दिवस न पाहता लोकांस पार करतील, यांस कोणी उठवू नये.' डावखोरा या शब्दावरूनच काकांनी आपला पणज्याचा पणजा ओळखला होता. घरात एक माणूस उजव्या हाताने जेवणारा असेल तर शपथ! कागदाच्या वरच्या कडेला शिक्क्याचा खालचा अर्धा भाग होता. पट्ट्या चिकटवल्या की सांध्यावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा कुणाला बदलता येऊ नये, अशी ती जुनी पद्धत. वरचा अर्धा शिक्का ज्या कागदाच्या तळाशी असेल, तो आपला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. नऊ रुमालांतले चारशे कागद झाले. अर्धे शिक्के बरेच निघाले, पण काकांनी चष्मा वर करून एकेक नाकारला. "चौकडीचं कापड शिवताना रेघेला रेघ मिळावी लागते, बाई. ही मिळत नाही." आणि खरंच मिळत नसायची. गुरुवारी बावीस कागदांना त्यांनी जोड मिळवून दिली, पण ती दुसऱ्यांच्या गावांची. बावीस डोक्यांना बावीस धडं बसली म्हणून दप्तरी खूश होते, बाई नव्हत्या. शनिवार तोंडावर आला होता. नवऱ्याने रोज डबा करून पाठवला, त्यात मीठ कमी की जास्त हे बाईंना कळलंसुद्धा नाही.

शुक्रवारी दुपारी नववा रुमाल संपला. काका खडू हातात फिरवत बसले. "बसवाल्याला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "अक्काला मीच सांगेन."

"पाच मिनिटं थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. चोवीस वर्षांची ती पोरगी त्यांना समोर दिसू लागली. दोन वेण्या, निळी पेन्सिल, आणि सगळ्या जगाच्या चुका सुधारायची घाई. जगाच्या चुका... बाईंनी डोळे उघडले. "दप्तरी! नकला आणि उतारे यांचा रुमाल आणा!"

"त्याचा काय संबंध? तिथे गावंच नाहीत. कुठल्या कागदावरून कुठला उतारा काढला, तेवढंच आहे."

"आणा म्हणते ना!"

तो आला, गाठ सुटली, आणि अकराव्या कागदाच्या कोपऱ्यात निळा सात होता. डोक्यावर एकच शब्द, वळणदार अक्षरात: 'उतार'. आणि त्या शब्दापुढे, निळ्या पेन्सिलीने, आगाऊपणे दिलेला एक काना.

"माझा काना आहे तो," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "मला वाटलं, लिहिणारा काना विसरला. त्याला उतारा म्हणायचंय. मी त्याची चूक सुधारली."

काकांनी आपला कागद त्या कागदाखाली सरकवला. रेघेला रेघ मिळाली. शिक्का गोल झाला, आत एक होडी दिसू लागली, आणि होडीचं वल्हं डावीकडे होतं.

"वाचा, बाई," काका म्हणाले. 

बाई वाचू लागल्या. 'उतार. शहराच्या पूर्व दरवाजाबाहेर शंभर पावलांवर नदीस उतार आहे, तेथे नाव लागते, त्यावर वस्ती होऊन गाव झाले...'

त्या थांबल्या. दप्तरी खिडकीकडे बघत होते. काकाही बघू लागले. समोर चौकात जुन्या पूर्व दरवाजाची ती एकुलती एक कमान उभी होती, जिच्याखाली सायकली लावतात. शंभर पावलं. दप्तरी रोज तिथून चहा आणायचे, त्यांना पावलं मोजायची गरज नव्हती.

"उतार म्हणजे नदी ओलांडायची जागा," बाई हळूच म्हणाल्या. "रस्त्याचा उतार नव्हेच तो. नदी सरकली. आज ती तासाभराच्या वाटेवर आहे. पण तेव्हा ती..."

"आपल्या तळघरात होती!" दप्तरी ओरडले आणि मटकन खालीच बसले. "सात वेळा नळ बदलले हो त्या प्लंबरने! सात वेळा!"

मग जे हसणं सुरू झालं ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. काका हसत होते आणि रडत होते, आणि मापाच्या फितीने डोळे पुसत होते. तीन महिने ते आपल्या गावात बसून आपलं गाव शोधत होते. त्या संध्याकाळी बाईंनी मूळ सूचीत दुरुस्ती लिहिली.

शनिवारी सकाळी बस उताराच्या रस्त्यावर येऊन थांबली. ड्रायव्हर जरा नाराज होता. एवढी मोठी बस ठरवून ही माणसं चार चौक ओलांडून उतरली. अक्का सगळ्यांत शेवटी उतरल्या, लहानखुऱ्या, पांढऱ्याशुभ्र, पायात करकरीत नव्या चपला. बाई पुढे होऊन म्हणाल्या, "अक्का, चूक माझी होती. तुमच्या वडिलांनाही हे गाव मिळालं असतं, मी जर..."

"तूच का ती?" अक्कांनी चाचपडत त्यांचा हात धरला. "अगं पोरी, कुणी चुकलंच नसतं तर मजकूर म्हणून रुमाल झाला असता का? आणि रुमाल नसता तर हा वेंधळा कशाच्या मागे लागला असता? चल, मला खाली ने."

तळघराच्या अकरा पायऱ्या त्या एकेक मोजत उतरल्या. खाली पोचल्यावर त्यांनी नव्या चपला काढल्या, कडेला नीट ठेवल्या आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहिल्या. मग वाकून डावा हात जमिनीला लावला. मागे चाळीस माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी होती. एका पणतीने विचारलं, "पणजी, इथे माती कुठे आहे?"

"माती नाही, बाळा. पाणी आहे," अक्का म्हणाल्या. "आपण पाण्याकाठचीच ना? थंड आहे बघ. बाबा म्हणायचे तसंच." त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की बाईंना त्यांच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

वर आल्यावर दप्तरींनी वाट अडवली. "साहेबांनी परवानगी दिली, ठीक आहे. पण नोंदवहीत नाव-गाव लिहिल्याशिवाय मी कुणाला सोडणार नाही. नियम म्हणजे नियम."

पहिला मान अक्कांचा. काकांनी बोट धरून रकाना दाखवला. अक्कांनी डाव्या हातात पेन घेतलं, आणि दोरी आखडली. पेन कागदापर्यंत पोचेना. मागे चाळीस डावे हात तयार होते. दप्तरींनी त्या रांगेकडे पाहिलं, एक उसासा सोडला, गुडघ्यावर बसले आणि आपल्या आयुष्यातली सर्वांत पक्की गाठ स्वतःच्या हाताने सोडली.

अक्कांनी नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात थरथरत्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं: उतार. काना न देता.

त्यांच्याखाली काकांनी आपलं नाव लिहिलं. गावाच्या रकान्याशी ते थांबले, मान वळवून बाईंकडे बघून मिश्कील हसले, आणि लिहिलं: गाव मजकूर. त्यांच्या मुलाने वर पाहिलं आणि तेच लिहिलं. मग पुतण्यांनी, भाच्यांनी, सुनांनी, आणि आईच्या कडेवरून त्या पणतीनेही, दोन ओळींएवढ्या अक्षरात.

सगळे बसमध्ये बसायला गेल्यावर बाईंनी नोंदवही पुढे ओढली. सवयीने त्या वरपासून खालपर्यंत तपासत गेल्या. चाळीस माणसं, चाळीसही गाव मजकूरची. पणतीचा ऊकार दीर्घ हवा होता, तो तिने ऱ्हस्व काढला होता. बाईंचं पेन त्या ऊकारावर आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. पानाच्या तळाशी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तपासले. सर्व बरोबर आहे,' आणि खाली आपली सही केली.